ब्रिटनमध्ये एका वर्षाची मास्टर्स करण्याचा अनुभव खरंच कसा असतो? कर्ज काढून जावं का?

तुम्ही लिहिलंय की बी.आर्क. झालंय, शेफील्डसकट तीन ठिकाणच्या ऑफर्स हातात आहेत, घर तारण ठेवावं लागेल, आणि यूट्यूबवर बघावं तर लोक एकतर रडत असतात नाहीतर स्कॉटलंड फिरत असतात. मी दोन्ही केलं, पण सांगण्यासारखं त्यात काही नाही.

मी सांगलीची. 2022-23 मध्ये शेफील्डला अर्बन डिझाइन केलं. गाव सगळं टेकड्यांवर, त्यामुळे पहिला महिना पोटऱ्या बोलत होत्या. विभाग आर्ट्स टॉवर नावाच्या वीस मजली इमारतीत. तिथे पॅटर्नॉस्टर नावाची लिफ्ट आहे. तिला दार नाही, बटण नाही, आणि ती थांबतही नाही. दोन माणसं मावतील एवढे उघडे खण रहाटगाडग्यासारखे एका बाजूने वर चढतात, दुसऱ्या बाजूने उतरतात. आपला खण जमिनीला आला की पाय टाकायचा. मी आठवडाभर जिनेच चढले.

वेळापत्रक हातात आलं तेव्हा वाटलं, चैन आहे. आठवड्याला दहा-बारा तास वर्ग, बुधवारची दुपार खेळांसाठी मोकळी (ही तिथल्या बहुतेक विद्यापीठांची जुनी पद्धत). बाकी वेळ आपला. हा 'बाकी वेळ' म्हणजेच कोर्स, हे मला नोव्हेंबर उजाडल्यावर कळलं. वर्षाला 180 क्रेडिट्स असतात आणि एका क्रेडिटमागे दहा तासांचं काम धरलेलं असतं. म्हणजे 15 क्रेडिटच्या एका मॉड्यूलला (विषयाला) 150 तास, त्यातले वर्गातले फार तर तीस. उरलेल्या 120 तासांत तुम्ही काय करताय हे कुणी विचारत नाही. मी कॉलेजात असताना सर फोन करून 'शीट कुठाय?' विचारायचे. त्यांचा तेव्हा राग यायचा.

पहिला निबंध पार्क हिलवर होता. ही शेफील्ड स्टेशनच्या मागच्या टेकडीवरची प्रचंड सरकारी वसाहत, 1961 मध्ये पूर्ण झालेली. घरांसमोरून जाणाऱ्या गॅलऱ्या इतक्या रुंद की दूधवाल्याची गाडी त्यावरून जावी. 'आकाशातले रस्ते' म्हणून तिचं जगभर कौतुक झालं, मग दुर्दशा झाली, 1998 मध्ये संरक्षित वास्तूंच्या यादीत नाव लागलं, आणि पुढे खासगी विकासकाने नूतनीकरण सुरू केलं. मी वीस-बावीस संदर्भ वाचले. हा असं म्हणतो, तो तसं म्हणतो, सगळं नीट मांडलं, उद्धरणं चोख. गुण मिळाले 54. समासात एवढंच लिहिलेलं, की हे सगळं त्यांचं झालं, तू तिथे गेली होतीस का, आणि तुझं काय म्हणणं आहे?

मी गेले नव्हते. खोलीतून निघून पाऊण तास चाललं की पोचतो, येता-जाता स्टेशनवरून दिसतं, पण जायला पाहिजे असं कुणी सांगितलं नव्हतं ना!

त्या शनिवारी गेले. नवी केलेली बाजू रंगीत पत्र्यांची, हात न लागलेली काळवंडलेली. आत जायला किल्ली लागते, म्हणून खालीच उभी राहिले, वर बघत. माझी आत्या गिरगावात चाळीत राहायची. तिथल्या गॅलरीत चारजण जेमतेम सरकतात, पण दारं उघडी, कुणाचं निवडणं-टिपणं चाललंय, कुणी पेपर वाचतंय, कुणाचं पोर तिसऱ्याच घरात जेवतंय. इथे रस्त्याएवढी गॅलरी आणि दारं बंद. थंडी हे कारण आहेच, पण तेवढंच नाही. चाळीत खोली इतकी लहान की गॅलरी ही घराचीच अर्धी जागा होते. माणसं तिथे हौसेने बसत नाहीत, आत मावत नाहीत म्हणून बसतात. हे मी पुढच्या निबंधात लिहिलं. लिहिताना सारखं वाटत होतं की आत्याची चाळ 'अकॅडमिक' आहे का. 68 मिळाले.

अनुभव म्हणून मला विचाराल तर हाच. सोळा-सतरा वर्षं आपण दुसऱ्याचं उत्तर बिनचूक लिहायला शिकतो, आणि तिथे एका वर्षात स्वतःचं विचारतात. काहींना ते मोकळं वाटतं, मला सुरुवातीला उघड्यावर सोडल्यासारखं वाटलं.

24 नोव्हेंबर 2022 ला देशभरातल्या विद्यापीठांत प्राध्यापकांच्या संघटनेचा संप होता. आदल्या मंगळवारीच ज्यांनी आम्हाला शिकवलं होतं त्या बाई दारासमोर फलक घेऊन उभ्या, डोक्यावर लोकरी टोपी, हातात थर्मास. मला लायब्ररीत जायचं होतं. मी आपली त्यांनाच विचारते, 'जाऊ का?' त्या हसल्या आणि म्हणाल्या, ते तुझं तू ठरव. मी शेजारी उभी राहून चहा प्यायले, मग गेले. बरोबर केलं की नाही, अजून ठरलेलं नाही.

गुणांचं घरच्यांना आधीच समजावून ठेवा. 50 ला पास, 60 ला मेरिट, 70 ला डिस्टिंक्शन, आणि 80 च्या वर क्वचितच कुणी जातं. मी खुशीत 68 सांगितले तेव्हा पप्पा क्षणभर गप्प, मग म्हणाले, 'असू दे, पुढच्या वेळी होईल.' इंग्रजांचं बोलणंही असंच उलगडून घ्यावं लागतं. गाइड 'इंटरेस्टिंग' म्हणाले की सावध व्हा. 'यू माइट वॉन्ट टू लुक ॲट धिस अगेन' म्हणजे हे बदल, आजच.

आता पैसे, कारण खरा प्रश्न तोच आहे. माझे फी आणि राहणं-खाणं मिळून एकतीस लाख गेले. व्हिसाच्या फीखेरीज तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार आगाऊ भरावा लागतो. फेब्रुवारी 2024 पासून विद्यार्थ्यांना तो वर्षाला 776 पौंड आहे, आणि व्हिसा कोर्स संपल्यावरही चार महिने चालतो म्हणून दीड वर्षाचा, म्हणजे 1,164 पौंड द्यावा लागतो. आठवड्याला 20 तास काम करता येतं. 'उन्हाळ्यात पूर्णवेळ करून फेडू' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मास्टर्सवाल्यांचा उन्हाळा प्रबंधात जातो आणि तो कोर्सचाच काळ धरतात, मर्यादा 20 तासच. त्यातून जेवणखाण निघतं, फी नाही.

नंतरच्या नोकरीचं गणित माझ्या डोळ्यांदेखत बदललं. मी कोर्स करत होते तेव्हा कुशल कामगार व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण मर्यादा 26,200 पौंडांच्या आसपास होती. मी ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षण संपल्यावर काही काळ नोकरीसाठी मिळतो तो) एका छोट्या ऑफिसात असताना, एप्रिल 2024 मध्ये ती 38,700 झाली. साहेब भला माणूस, पण एवढा पगार त्याला परवडणारा नव्हता. जुलै 2025 पासून ती 41,700 आहे, नवोदितांना 33,400. ग्रॅज्युएट व्हिसाही 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी दीड वर्षाचा मिळणार. म्हणून 'तिथेच नोकरी लागेल' हे धरून घर तारण ठेवू नका. भारतात परत येऊन, इथल्या पगारात हप्ता निघेल का, हा हिशेब आधी करा. निघत नसेल तर थांबा. दोन वर्षं नोकरी झाली की ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला अर्ज करता येतो, अनुसूचित जातीतले असाल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आणि एजंटचा सल्ला फुकट असतो, कारण कमिशन त्याला विद्यापीठाकडून मिळतं. माझ्या एजंटने मला हे सांगितलं नाही.

मी परत आले, पुण्यात काम करते, हप्ता चालू आहे. पश्चात्ताप नाही, पण माझ्याकडे घर तारण नव्हतं, आत्या जामीन होती. तुमच्या जागी असते तर गेले असते का, खरंच माहीत नाही.

खोलीचं एक सांगते. ओले कपडे आत वाळवून माझ्या भिंतीला बुरशी आली आणि घरमालक सगळं डिपॉझिट धरून बसला. तिथे घरमालकाला डिपॉझिट 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत नोंदवावं लागतं. त्या योजनेकडे तक्रार केली, पहिल्या दिवशी काढलेले फोटो लावले, बरेचसे पैसे परत आले. तेव्हा किल्ली हातात आली की आधी कोपऱ्यांचे फोटो काढा, मग घरी व्हिडिओ कॉल. आणि कुकरची रिंग जास्तीची न्या. माझी फेब्रुवारीत गेली, आणि आपल्या मापाची मिळेपर्यंत तीन आठवडे मी वरण पातेल्यात शिजवत होते.