लॉज नंतर, आधी गाईड विचार

पहिल्यांदाच केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात सफारीला निघालायस ना? मग लॉजच्या स्विमिंग पूलचे फोटो बाजूला ठेव आणि एजंटला विचार: गाडीवर गाईड कोण, आणि त्याचा बिल्ला कुठला? केनियात गाईडांच्या संघटनेच्या परीक्षा असतात. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा तीन पायऱ्या. गोल्डवाले मोजकेच. पहिल्या खेपेला चांगला सिल्व्हरवाला मिळाला तरी पुष्कळ झालं.

नुसत्या बिल्ल्यावरही जाऊ नकोस. मारातले कितीतरी गाईड तिथल्या मसाई जमातीतले, लहानपणी गुरं राखलेले. सिंहाचा माग ओळखणं ही तेव्हा गरजच होती. पक्ष्यांची इंग्रजी नावं नंतर कोयाकीसारख्या गाईड-शाळेत शिकले. आमच्या गाईडने एकदा ऑक्सपेकर पक्ष्याचा (हा मोठ्या जनावरांच्या अंगावर बसून गोचिडी खातो) आवाज ऐकून गाडी थांबवली, तर झुडपाआड रानम्हैस! आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं.

जंगलात पायी फिरायची हौस असेल तर पुढेमागे झिम्बाब्वे बघ. तिथे गाईडला लेखी परीक्षा, उमेदवारी, नेमबाजी, प्रथमोपचार, शेवटी जंगलात परीक्षकांसमोर कसोटी. तेव्हा कुठे पूर्ण परवाना.

आणि हो, साधा ड्रायव्हर देऊन त्यालाच गाईड म्हणणारेही भेटतात. पैसे भरण्याआधी गाईडचं नाव आणि दर्जा ईमेलवर लिहून घे.