आफ्रिकी तत्त्वज्ञानाच्या आधारे शिक्षण वसाहतवादी चौकटीतून बाहेर काढायचं म्हणजे नेमकं काय करायचं? अभ्यासक्रमात ‘उबुंटू’ (माणूसपण एकमेकांमुळे घडतं, ही दक्षिण आफ्रिकेतली कल्पना) घातलं की झालं का?

नाही, तेवढ्याने होत नाही. तुम्ही लिहिलंय की शिक्षणशास्त्राच्या सेमिनारमध्ये उबुंटूवर एक तास झाला, ‘माणूस इतर माणसांमुळे माणूस होतो’ हे वाक्य फळ्यावर आलं आणि लगेच पुढचा घटक सुरू झाला. तुम्हाला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं ते बरोबरच आहे. मी पदवीच्या वर्गांना तत्त्वज्ञान शिकवते आणि हा विषय मला फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उबुंटूला कमी लेखू नका. 1995 साली दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने फाशीची शिक्षा रद्द केली, तेव्हा अनेक न्यायमूर्तींनी आपल्या निकालपत्रात उबुंटूचा आधार घेतला होता. खून करणाऱ्याचंही माणूसपण समाजाने नाकारायचं नाही, हा युक्तिवाद त्यातून उभा राहिला. वर्गात हा निकाल वाचून त्यावर वाद घातला असता तर विद्यार्थ्यांना त्या वाक्याची ताकद कळली असती.

आता मूळ मुद्दा. ज्ञानी कोणाला म्हणायचं आणि अभ्यासाची सुरुवात कुठून करायची, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे? आफ्रिकेतली सगळी झटापट या प्रश्नावर झाली आहे. ऑक्टोबर 1968 मध्ये नैरोबी विद्यापीठातल्या न्गुगी वा थिओंगो, हेन्री ओवुओर-अन्युम्बा आणि ताबान लो लियोंग या तिघा अध्यापकांनी इंग्रजी विभागच बरखास्त करा, असं टिपण दिलं. शेक्सपिअरला हाकला, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. आफ्रिकेचं साहित्य, त्यातही मौखिक साहित्य, मध्यभागी ठेवा आणि बाकी जगाकडे तिथून बघा, एवढीच त्यांची मागणी होती. पुढे तिथे साहित्याचा स्वतंत्र विभाग झाला.

मग मातृभाषेतून शिकवलं की प्रश्न सुटला, असं अनेकांना वाटतं. इथे सावध राहायला हवं. 1953 च्या बांटू शिक्षण कायद्याखाली (‘बांटू’ हा सरकारचा काळ्या लोकांसाठीचा शब्द) दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने काळ्या मुलांचं प्राथमिक शिक्षण आग्रहाने मातृभाषेतच ठेवलं, कारण त्यांना मजुरीपलीकडे जाऊच द्यायचं नव्हतं. वरच्या वर्गांत काही विषय आफ्रिकान्स या गोऱ्या राज्यकर्त्यांच्या भाषेतून लादले गेले, तेव्हा 16 जून 1976 ला जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो वस्तीतली मुलं रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. याच्या अगदी उलट उदाहरण नायजेरियातलं. 1970 मध्ये इफे इथे बाब्स फाफुन्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांचं पूर्ण प्राथमिक शिक्षण योरुबा या तिथल्या मातृभाषेतून द्यायला सुरुवात केली. गणित-विज्ञानाची पुस्तकंही योरुबात नव्याने लिहिली आणि इंग्रजी हा स्वतंत्र विषय ठेवून त्याला खास शिक्षक दिले. ही मुलं इतर विषयांत पुढे राहिली आणि इंग्रजीतही मागे पडली नाहीत. दोन्हीकडे माध्यम मातृभाषाच होतं, पण इफेमध्ये त्या भाषेत गंभीर ज्ञान उभं करायची तयारी होती.

तत्त्वज्ञानाच्या बाजूने मला सर्वांत मोलाचं काम केनियाच्या हेन्री ओडेरा ओरुका यांचं वाटतं. त्याची पार्श्वभूमी अशी. 1945 मध्ये प्लासिड टेम्पल्स या बेल्जियन मिशनऱ्याने बांटू भाषा बोलणाऱ्या आफ्रिकी लोकांच्या तत्त्वज्ञानावर पुस्तक लिहिलं. हेतू चांगला असेल, पण त्यात लाखो लोकांच्या तोंडी एकच विचार घातला होता, विचार करणारा एकही माणूस नावानिशी नव्हता. बेनिनचे पॉलाँ हुन्तोंजी यांनी यावर सडकून टीका केली. तत्त्वज्ञान व्यक्ती करते, त्यात मतभेद असतात, अख्खी जमात मिळून एका सुरात तत्त्वज्ञान करत नाही, असं त्यांचं म्हणणं.

ओरुकांनी ही टीका मनावर घेतली आणि 1970 च्या दशकात गावोगावच्या जाणत्या माणसांच्या मुलाखती सुरू केल्या. परंपरा मुखोद्गत असलेला जाणता आणि त्या परंपरेलाच प्रश्न विचारणारा जाणता, असा फरक त्यांनी केला. केनियातल्या लुओ समाजातले पॉल म्बुया अकोको दुसऱ्या प्रकारातले. स्त्री-पुरुषांत श्रेष्ठ कोण, या प्रश्नावर त्यांचं उत्तर साधारण असं: पुरुष वेगाने धावू शकतो हे खरं, पण गर्भ वाहण्याची आणि बाळंतपण सोसण्याची ताकद बाईच्या शरीरात आहे, पुरुषाच्या नाही, मग एकाला वरचढ म्हणणार कसं? निसर्गतः दोघं समान आहेत. पुरुषाला वरचं स्थान देणाऱ्या समाजातला एक वडीलधारा माणूस हे बोलत होता, आणि तेही कुठल्या विदेशी ग्रंथाचा हवाला न देता, स्वतःच्या तर्काने.

ओरुकांवर आक्षेपही आले. प्रश्न प्राध्यापकाचे, मग उत्तरातलं तत्त्वज्ञान नक्की कोणाचं, असं नायजेरियाचे पीटर बोडुनरिन यांनी विचारलं. मला हा आक्षेप फारसा जड वाटत नाही. सॉक्रेटिसचं तत्त्वज्ञानही संवादातूनच आपल्यापर्यंत आलं, आणि त्याने स्वतः काहीच लिहून ठेवलं नव्हतं.

घानाचे क्वासी विरेडू यांचा इशारा मात्र सतत लक्षात ठेवा. वसाहतवादाने लादलेल्या कल्पना तपासून घ्या, असं सांगताना त्यांनी आपल्या समाजातली हुकूमशाही वृत्ती, कालबाह्य रूढी आणि दैवी शक्तींवरची भिस्त यांच्यावरही तितकीच कठोर टीका केली. ‘आपलं ते सगळं थोर’ ही वृत्ती त्यांच्या लेखनात कुठेही सापडत नाही.

संस्था बदलणं किती अवघड असतं, ते केपटाऊन विद्यापीठात दिसलं. मुंबईत जन्मलेले आणि कंपालात वाढलेले महमूद ममदानी तिथे आफ्रिका अध्ययनाचे प्राध्यापक होते. त्यांनी आखलेला आफ्रिकेवरचा पायाभूत अभ्यासक्रम सहकाऱ्यांनी बाजूला सारला. आफ्रिका अध्ययनाचं रूपांतर बांटू शिक्षणाच्या नव्या घरात होणार का, असा प्रश्न त्यांनी 1998 मध्ये जाहीरपणे विचारला आणि पुढे ते तिथून बाहेर पडले. त्याच विद्यापीठातला ब्रिटिश वसाहतवादी सेसिल ऱ्होड्सचा पुतळा 2015 मध्ये विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर महिन्याभरात हलला. अभ्यासक्रमाचं भांडण मात्र त्यानंतरही चालूच राहिलं.

सेमिनारसाठी काय करता येईल, असंही तुम्ही विचारलंय. ओरुकांची पद्धत वापरून बघा. प्रत्येकाने ओळखीच्या एका जाणत्या माणसाकडे जावं, मग ती शेतकरी असो, सुईण असो की सुतार. ‘आपल्यात काय पद्धत आहे?’ हे विचारून झालं की ‘तुम्हाला ते पटतं का आणि का?’ हे नक्की विचारावं. उत्तर त्यांच्या नावानिशी, त्यांच्याच शब्दांत उतरवावं आणि वर्गात त्यावर, एखाद्या छापील लेखावर घेतो तसे, आक्षेप घ्यावेत. वाचनाची सुरुवात ओरुकांच्या मुलाखतींपासून करा, मग विरेडू घ्या. हुन्तोंजी जड जातात, त्यांना शेवटी ठेवा.