ब्लू जे म्हणजे आपला नीलकंठच का? आणि तो खरंच कावळ्यांपैकी आहे का?

नाही हो, नीलकंठ वेगळा. दसऱ्याला दिसला की शुभ म्हणतात तो खंड्या आणि वेड्या राघूच्या गोतावळ्यातला, साहेबाने निळा रंग बघून त्याला ब्लू जे म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. खरा ब्लू जे उत्तर अमेरिकेतला, आणि हो, तो पक्का कावळ्यांच्या कुळातला.

मी न्यू जर्सीत राहते, सुरुवातीला मलाही पटायचं नाही. एवढा देखणा, तुरेवाला, साळुंकीपेक्षा जरासाच लांब पक्षी (वजन जेमतेम 70 ते 100 ग्रॅम, इथला कावळा सहज 400-500 चा) कावळ्याचा भाऊ कसा? मग डेकवर भुईमुगाच्या शेंगा ठेवायला लागले. पठ्ठ्या एक शेंग उचलतो, हलवून बघतो, टाकतो, दुसरी उचलतो, आपण मंडईत नारळ कानाशी वाजवून घेतो ना अगदी तसं, आणि भरलेली सापडली की ती घेऊन पसार! ओकची फळं तर गळ्यातल्या पिशवीत दोन-तीन, तोंडात एक, चोचीत एक अशी कोंबून नेतो आणि जमिनीत पुरतो, विसरलेल्यांची पुढे झाडं होतात. ससाण्याचा आवाज इतका हुबेहूब काढतो की मी दोनदा वर बघितलंय, बाकीच्या चिमण्या उडाल्या की हा आरामात खायला हजर. मुद्दाम करतो का हे त्यालाच ठाऊक, पण कावळेपणा म्हणतात तो हाच.

फरक म्हणाल तर कावळा जमिनीवर ऐटीत चालतो, ब्लू जे टुणटुण उड्या मारतो. आणि तो निळा, रंगद्रव्य नाहीच मुळी, पिसाच्या रचनेमुळे प्रकाश तसा परततो, पीस चुरडलं की निळाई गायब.

हुशारीत कोण सरस विचाराल तर मला नाही वाटत ब्लू जे कावळ्यापेक्षा मागे आहे. त्याच्याच कुळातल्या, कॅलिफोर्नियाकडच्या स्क्रब जे या पक्ष्यावर 1998 मध्ये क्लेटन आणि डिकिन्सन या संशोधकांनी प्रयोग केला होता, अळ्या आणि शेंगदाणे लपवायला दिले, तर कुठे काय ठेवलं हे तर लक्षात होतंच पण किती वेळ झाला तेही! फार वेळ गेला की नासलेल्या अळ्यांकडे न जाता शेंगदाणे उकरायचे.

महाराष्ट्रात कुठलाच जे पक्षी नाही, त्यासाठी मसुरी-नैनितालकडे जावं लागेल, तिथे काळ्या डोक्याचा जे दिसतो. पण टकाचोर बघितलाय का, लांब शेपटीचा, तांबूस? तोही याच कुळातला, आणि दुसऱ्यांची अंडी पळवण्यात कावळ्याच्या तोडीस तोड.