ख्रिस्ती लेखनातील ‘पाप’ आणि त्याचा जोडा

जुळे सोलापुरातील एका वाचक भगिनी आपल्या मंडळीतील (चर्चमधील) जुने उपदेश आजच्या मराठीत लिहून काढत आहेत. एका उपदेशात त्यांनी ‘पाप-पुण्याचा हिशेब’ असा शब्दप्रयोग केला होता. तो पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, खोडला आणि आपल्या लेखनात ‘पुण्य’ हा शब्द या अर्थाने येत नाही असे सांगितले. ते बरोबर आहे काय, आणि असल्यास ‘पाप’ या शब्दाचा ख्रिस्ती लेखनातील विरुद्धार्थी शब्द कोणता, असा त्यांचा प्रश्न आहे. येशूने शिष्यांना शिकवलेल्या ‘प्रभूच्या प्रार्थने’त कुठे ‘परीक्षा’ तर कुठे ‘मोह’ का आढळतो, आणि ‘दंडाज्ञा’ हा जड वाटणारा शब्द काढून त्या जागी ‘नरकवास’ लिहिता येईल काय, अशा आणखी दोन शंकाही त्यांनी विचारल्या आहेत.

पाळकांनी शब्द खोडला ते योग्यच केले, असे माझे मत आहे. मात्र ‘पुण्य हा हिंदूंचा शब्द आहे’ एवढेच कारण त्यामागे असेल, तर ते टिकणारे नाही, कारण मग ‘पाप’ हा शब्दही सोडावा लागेल. इ. स. १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. ओवीत रचलेल्या त्या ग्रंथात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दसुद्धा निःसंकोचपणे वापरलेला आहे. मराठीतील ख्रिस्ती लेखन पहिल्यापासून घरातल्याच शब्दांवर उभे राहिले, आणि शब्द बाहेरचा की आतला हा प्रश्न त्यात फारसा महत्त्वाचा नव्हता. या लेखनाने शब्द तेच ठेवून त्यांच्या जोड्या आणि त्यांची क्रियापदे बदलली. आपला प्रश्न नेमका तिथेच सुटतो.

नेहमीच्या मराठीत ‘पाप’ कोणत्या क्रियापदांबरोबर येते ते पाहावे. पाप लागते, पाप माथी येते, पापाचा घडा भरतो, पाप भोगावे लागते, आणि फार राग आला की आपण समोरच्याला ‘कुठं फेडशील हे पाप?’ असे विचारतो. या सर्व प्रयोगांत पाप म्हणजे साठणारी, मोजता येणारी आणि कर्त्याने स्वतःच चुकती करायची बाकी आहे. तिच्यासमोर दुसऱ्या पारड्यात तसेच साठणारे पुण्य असते. ते गाठीशी बांधता येते, पदरी पडते आणि कमी पडले तर संपतेही. ‘पुण्य पर उपकार पाप ते परपीडा, आणीक नाहीं जोडा दुजा यासी’ असे तुकोबांनी म्हटले आहे, आणि पाप-पुण्याची जोडी मराठी मनात किती घट्ट बसली आहे ते त्यांच्या ‘जोडा’ या शब्दातच दिसते.

आता प्रेषित पौलाने रोममधील ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या ‘रोमकरांस पत्रा’तील सहाव्या अध्यायाचे शेवटचे वचन घ्यावे. पापाचे वेतन मरण आहे, पण देवाचे कृपादान सार्वकालिक जीवन आहे, असे ते वचन आहे. पहिले अर्धे वाक्य ऐकल्यावर मराठी कान आपोआप ‘आणि पुण्याचे वेतन स्वर्ग’ अशा पुढच्या अर्ध्याची वाट पाहतो, आणि ते येतच नाही. ‘वेतन’ या जागी मूळ ग्रीकमध्ये सैनिकाच्या शिध्याला किंवा पगाराला वापरतात तो शब्द आहे. ज्या सोलापूरने गिरण्यांच्या पगारावर आपले संसार चालवले, तिथे पगार म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. पगार म्हणजे केलेल्या कामाचा हक्काचा मोबदला, आणि तो मागताना कोणाची मेहरबानी लागत नाही. पौलाने मरणाच्या बाजूला हा हक्काचा शब्द ठेवला आणि जीवनाच्या बाजूला, जिथे हक्क सांगताच येत नाही, तिथे दानाचा शब्द ठेवला. दोन पारडी एकाच तराजूची राहू नयेत, म्हणून त्याने हे जाणूनबुजून केले आहे. तेव्हा ख्रिस्ती लेखनात ‘पाप’ या शब्दासमोर संदर्भाप्रमाणे ‘कृपा’, ‘क्षमा’ किंवा ‘नीतिमत्त्व’ येते, आणि यांपैकी ‘कृपा’ हाच त्याचा खरा जोडा आहे. ‘पाप-पुण्याचा हिशेब’ लिहिल्याबरोबर आपण नकळत तो तराजू पुन्हा आणून ठेवतो.

हाच भेद प्रभूच्या प्रार्थनेत एका क्रियापदावर तोललेला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाठात पापाऐवजी ‘ऋण’ हा शब्द आहे, आणि तिथे ‘तू आमची ऋणे आम्हांला सोड’ अशी विनवणी आहे. मराठीत पाप आणि ऋण दोन्ही ‘फेडायचे’ असतात आणि फेडतो तो ऋणको. ‘सोडणे’ मात्र सावकाराच्या हातात असते. ज्याच्या घरी वही उघडून व्याजाची रक्कम वाचून दाखवली गेली आहे, त्याला ‘फेडले’ आणि ‘सोडले’ यांतील अंतर समजावून द्यावे लागत नाही. आपल्या लेखनात जिथे जिथे ‘पाप फेडणे’ आले असेल तिथे आपण थांबून पाहावे, कारण कोण फेडतो आहे याचे उत्तर ख्रिस्ती शिकवणुकीत वेगळे आहे.

बायबलमध्ये पापासाठी एकच शब्द आहे असेही नाही. दाविदाचे म्हणून ओळखले जाणारे ५१ वे स्तोत्र आरंभीच तीन वेगवेगळे हिब्रू शब्द वापरते, आणि मराठी पवित्र शास्त्रात त्यांच्यासाठी ‘अपराध’, ‘दोष’ आणि ‘पाप’ असे तीन शब्द योजलेले आहेत. पहिल्याच्या मुळाशी बंडखोरी आहे, दुसऱ्याच्या मुळाशी वाकडेपणा आणि तिसऱ्याच्या मुळाशी नेम चुकणे. जुन्या उपदेशात हे तिन्ही शब्द आले असतील, तर सोपेपणासाठी सगळीकडे ‘पाप’ करू नये.

इथे भक्तिपरंपरेबद्दल एक गोष्ट न सांगणे अन्यायाचे होईल. हिशेबापलीकडची कृपा मराठीला ख्रिस्ती लेखनानेच दिली, असा दावा करता येणार नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात शतकानुशतके विठ्ठलाला ‘पतितपावन’ म्हटले जात आहे, आणि पतिताला पावन करणारा देव वही उघडून बसत नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ख्रिस्ती भजने मराठी माणसाच्या तोंडी सहज बसली, त्याचे एक कारण मला हेच वाटते की अभंगाने ही वाट आधीच मळवून ठेवलेली होती. म्हणून ‘पुण्य’ टाळताना ‘पतित’, ‘पावन’, ‘शरण’ हे शब्दही टाळण्याचे कारण नाही.

सोलापुरात राहणाऱ्या माणसाला या शब्दाची आणखी एक छटा रोज ऐकू येते, ती मराठीच्या कोशात मात्र मिळायची नाही. शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात एखादे पोर पायरीवरून घसरून पडले की विड्या वळत बसलेली आजी ‘अय्यो, पापम्!’ म्हणते. अक्कलकोटच्या बाजूला कानडी घरात त्याच प्रसंगी ‘पाप!’ असे निघते. त्या पोराने काही दुष्कृत्य केले असे दोघींनाही म्हणायचे नसते, ‘बिचारे!’ एवढाच त्याचा अर्थ. तेलुगू आणि कानडीत ‘पाप’ हा शब्द कृतीवरून सरकून दशेवर आला आणि दशेवरून कणवेवर. ख्रिस्ती लेखनातील ‘पाप’ म्हणजे केवळ केलेल्या कृत्यांची यादी नसून माणसाची पडलेली अवस्था आहे, हे मराठी वाचकाला समजावताना मला पूर्व भागातील त्या उद्गाराची फार मदत होते, जरी दोहोंचा इतिहास एक नसला तरी. ‘आदिपाप’, म्हणजे आदामापासून सर्व माणसांकडे आलेले पाप, ही कल्पना तर कृतीच्या अर्थाने वाचली की अन्यायाचीच वाटते. आदामाचे कर्म मी का भोगावे, असा प्रश्न कर्मविपाकावर वाढलेल्या मनात येणारच. दशेच्या अर्थाने वाचले म्हणजे निदान काय म्हटले आहे ते कळते.

आता ‘मोह’ आणि ‘परीक्षा’. मूळ ग्रीक शब्द ‘पेइरास्मॉस’ दोन्ही अर्थांचा आहे. देव अब्राहामाची पारख करतो ती आणि सैतान अरण्यात येशूला भुलवू पाहतो ते, अशा दोन्ही गोष्टी त्याच घराण्यातील शब्दांनी सांगितल्या जातात. मराठीत मात्र त्यांचे दोन शब्द होतात आणि अनुवादकाला दर वेळी निवड करावी लागते. परीक्षा घेणाऱ्याला आपण पास व्हावे असे वाटू शकते, पण मोह घालणाऱ्याला तसे कधीच वाटत नाही. ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ हा पाठ म्हणून निर्दोष आहे, कारण परीक्षा देवाकडूनही येऊ शकते. तिथे ‘मोह’ लिहायचा झाल्यास क्रियापद सांभाळावे लागते. ‘मोहात पडणे’ हे माणसाचे, ‘मोहात पाडणे’ हे भुलवणाऱ्याचे आणि ‘मोहात पडू देणे’ हे राखणदाराचे. देव स्वतः कोणाला मोहात पाडत नाही, माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो, असे याकोबाच्या पत्रातील पहिला अध्याय स्पष्ट सांगतो. म्हणून ‘मोहात पाडू नकोस’ ही प्रार्थना त्या वचनाच्या विरुद्ध जाते आणि ‘मोहात पडू देऊ नकोस’ ही जात नाही. हा वाद आपल्यापुरता नाही. फ्रेंच कॅथॉलिक प्रार्थनेत २०१७ मध्ये आणि इटालियन प्रार्थनेत २०२० मध्ये याच ओळीचे क्रियापद बदलण्यात आले, आणि दोन्हीकडे दिशा ‘पडू देऊ नकोस’ हीच होती.

‘मोह’ शब्दाची एक अडचण मात्र आहे. षड्रिपूंतील मोह ‘मुह्’ धातूपासून आला आहे. त्याचा अर्थ बुद्धी झाकोळणे, आणि ‘मूढ’ व ‘मुग्ध’ हे त्याचे सख्खे भाऊ. दुसऱ्या टोकाला आजच्या बोलण्यात तो इतका हलका झाला आहे की शेंगाचटणीचाही मोह आवरत नाही असे आपण म्हणतो. अरण्यातला प्रसंग लिहिताना दोन्ही टोके सांभाळावी लागतात. चाळीस दिवसांच्या उपासानंतर भुकेल्या माणसाला ‘या धोंड्यांच्या भाकरी कर’ असे सांगितले जाते. त्याची बुद्धी झाकोळलेली नाही, भूक खरी आहे, भाकरीही वाईट नाही. वाईट आहे ते सुचवणाऱ्याच्या हेतूत. म्हणून त्या ठिकाणी मी ‘परीक्षा’ हाच शब्द ठेवीन आणि याकोबाच्या पत्रावरील उपदेशात ‘मोह’ ठेवीन. ‘प्रलोभन’ वापरू नये असे सुचवतो, कारण त्यात लोभ आहे, तर भुकेत लोभ नसतो.

शेवटची शंका ‘दंडाज्ञा’ या शब्दाची. तो जड आहे हे खरे, पण ‘नरकवास’ त्याची जागा घेऊ शकत नाही. दंडाज्ञा म्हणजे दोषी ठरवून सुनावलेली शिक्षा, म्हणजे न्यायालयातला निकाल, आणि नरक हे ठिकाण. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात ख्रिस्तात असलेल्यांना ‘दंडाज्ञा नाहीच’ असे म्हटले आहे, तिथे विषय निकालाचा आहे. शिवाय ‘नरक’ शब्दाला पुराणांतून आलेली एक मुदत आहे. तिथे पाप भोगून संपले की जीव पुन्हा जन्माला येतो. ख्रिस्ती परंपरेच्या मुख्य शिकवणुकीत ती मुदत नाही, म्हणूनच शास्त्रात शिक्षेला ‘सार्वकालिक’ हे विशेषण लागते, आणि तेवढ्यासाठी ते विशेषण पुनर्लेखनात गाळू नये. ‘अधोलोक’ हा शब्दही नरकाचा पर्याय म्हणून वापरू नये. अधोलोक म्हणजे मृतांचे स्थान. नरक ज्या ‘गेहेन्ना’साठी येतो ते नाव यरुशलेमेजवळच्या हिन्नोमच्या खोऱ्यावरून पडले आहे, जिथे एके काळी मोलख या देवापुढे मुलांचे होम केले जात.

सोपेपणाची आपली इच्छा मात्र रास्त आहे, आणि तिला मराठीत मोठा आधार आहे. पंडिता रमाबाईंनी आपल्या पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावात राहून मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. अल्पशिक्षित स्त्रियांना वाचता यावे अशी भाषा त्यांना हवी होती. त्याच हेतूने ‘दंडाज्ञा’ पहिल्यांदा येईल तिथे ‘दंडाज्ञा, म्हणजे दोषी ठरवून दिलेली शिक्षा’ असे एकदा लिहावे आणि पुढे शब्द तसाच वापरावा. नुसता ‘दंड’ लिहू नये, कारण आज दंड म्हटले की वाहतूक पोलिसाची पावती आठवते. खोडलेल्या वाक्यात ‘पाप-पुण्याचा हिशेब’ काढून ‘पापाचा हिशेब आणि देवाची कृपा’ असे केले तर पाळकांचीही हरकत राहू नये.