माउसला ढकलू नकोस, गोटीला थोपव

काल पंचवटीतल्या घरी तुला 'एनिग्मा', तो संगणकावरचा गोटी फिरवायचा कोड्यांचा खेळ, खेळताना पाहिलं. तू माउस जोरात ढकलतोस, गोटी सुसाट सुटते आणि सरळ खड्ड्यात. अरे, माउस गोटीची जागा बदलत नाही, तिला फक्त धक्का देतो. धक्का थांबला तरी गोटी घरंगळतच राहते. म्हणून वळणाआधीच माउस थोडा उलटा ओढ. उताराच्या फरशीवर तर हे फारच सांभाळ. गोदाघाटाच्या पायऱ्यांवरून लहानपणी निसटलेली गोटी आठव, एकदा सुटली की हातात येत नाही.

ऑक्सिड दगडांना, म्हणजे गोटी लागली की उघडून आपला रंग दाखवणाऱ्या दगडांना, घाईने भिडू नकोस. एक उघडलास की त्याच रंगाचा जोडीदार शोधायचा. मध्ये दुसऱ्या रंगाचा लागला की पहिला मिटतो. मी रंग आणि जागा कागदावर लिहितो, तूही लिही.

आणि हो, छोट्या पांढऱ्या गोट्यांच्या पातळ्या इतक्यात नकोत. तिथे सगळ्या गोट्या एकदम हलतात, प्रत्येकीला आपापल्या खळग्यात बसवायचं असतं. मला त्या सर्वांत लाडक्या, पण आधी एक गोटी ताब्यात येऊ दे. रविवारी ये, माझा जुना माउस देतो.