ब्रिटिश विनोदी मालिका: सुरुवात कुठून करावी?

बिनधास्त 'फॉल्टी टॉवर्स'पासून करा. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी मिळून लिहिलेले अवघे १२ भाग: सहा १९७५चे, सहा १९७९चे. बॅटरी संपेल म्हणून कानाचं यंत्र बंद ठेवणाऱ्या मिसेस रिचर्ड्सचा भाग चुकवू नका. हॉटेलमालक झालेला क्लीझ नुसतेच ओठ हलवतो, बाई यंत्राचा आवाज वाढवतात, आणि मग तो जो काही ओरडतो! टायमिंग शिकावं तर इथे.

नवखे लोक हमखास दोन ठिकाणी चुकतात:

- 'ब्लॅकॲडर' पहिल्या पर्वापासून बघतात. दुसरं (१९८६) आधी बघा. तिथून बेन एल्टन लेखनात आला आणि संवादांना धार चढली.
- सबटायटल्स बंद ठेवतात. 'येस मिनिस्टर'मधल्या सर हम्फ्री या बड्या सरकारी अधिकाऱ्याची लांबलचक वाक्यं त्याशिवाय हातून निसटतात.

माँटी पायथन या विनोदी कलाकारांच्या गटाचं नंतर बोलू.