वाचक विचारतात : पुतण्या पाण्यात, आम्ही मिसळीला

प्रश्न : पुतण्या गंगापूर धरणावर ट्रायथलॉनमध्ये उतरतोय. दीड किलोमीटर पोहणं, चाळीस सायकल, दहा पळणं. नागपूरहून दादा-वहिनीही येतायत. उभं कुठे राहायचं? आणि मधल्या वेळात मिसळ खाऊन येता येईल का? (स. दे., गंगापूर रोड)

येता येईल, पण हिशेब करून. पुतण्याकडून आधी चार आकडे घ्या : त्याची तुकडी किती वाजता सुटणार, पोहताना १०० मीटरला किती वेळ लागतो, सायकलचा सरासरी वेग आणि पळताना किलोमीटरला लागणारी मिनिटं. समजा तुकडी ६.३० ला सुटली. १०० मीटरला २ मिनिटं २० सेकंद धरले, तर ७.०५ ला तो पाण्याबाहेर. कपडे-बूट-हेल्मेटला ४ मिनिटं. ताशी २६ च्या वेगाने सायकलला ९२ मिनिटं, म्हणजे ८.४१ ला परत. सायकल ठेवून बूट बदलायला २ मिनिटं, मग किलोमीटरला साडेसहा मिनिटं धरून १० किलोमीटर, ९.४८ च्या सुमारास शेवटची रेषा. मिसळीची वेळ ७.१० ते ८.१५. उरलेली पंचवीस मिनिटं हातात ठेवा, कारण पुतणे स्वतःचा वेग नेहमी थोडा चुकवून सांगतात, कधी इकडे कधी तिकडे.

खरी अडचण मिसळीची नाही, गाडीची आहे. सायकली ज्या रस्त्याने धावतात तोच बहुधा तुमचाही रस्ता असतो आणि तो बंद असतो. आदल्या दिवशी मार्गाचा नकाशा बघा आणि गाडी बंद पट्ट्याच्या शहराकडच्या बाजूला लावा. आत अडकलात तर मिसळ दुपारीच.

पाण्यात पुतण्या ओळखू येणार नाही, हे मान्य करून टाका. एका तुकडीच्या टोप्या एकाच रंगाच्या. काठावर पाच वेगवेगळी कुटुंबं एकाच हाताकडे बोट दाखवून ‘तो बघ आपला’ म्हणत असतात. त्यापेक्षा कोण सरळ पोहतंय ते बघा. पोहण्याच्या तलावाच्या तळाला काळी पट्टी असते, धरणात ती नसते. इथे दर सहा-आठ हातांनी डोकं वर काढून मार्ग दाखवणारा तरंगता फुगा शोधावा लागतो. जो हे विसरतो आणि एकाच बाजूला श्वास घेतो, तो हळूहळू वळत जातो आणि दीड किलोमीटरचे पावणेदोन करून येतो. उभं राहायचं ते पाण्यातून बाहेर पडण्याच्या कमानीपाशी.

थंडीत शर्यत असेल तर दादांना स्वेटर सांगा. नागपूरची थंडी त्यांना पाठ असली तरी पहाटे धरणावरचा वारा वेगळा.

प्रश्न : सायकली टांगलेल्या जागेत एकाला पंचांनी परत पाठवलं. तो तर पुढे होता! त्याने चूक काय केली? (मी. कु., इंदिरानगर)

बहुधा हेल्मेटची. नियम असा की सायकलला हात लावण्याआधी हेल्मेट डोक्यावर आणि पट्टा बंद हवा. परत आल्यावर उलट : सायकल टांगून झाल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही. आतमध्ये सायकलवर बसायचंही नाही. हाताने ढकलत जमिनीवर आखलेल्या रेषेपर्यंत न्यायची आणि रेषा ओलांडून मगच टांग मारायची.

आमच्या मते अख्ख्या शर्यतीत बघण्यासारखी जागा हीच. ओल्या पायांवर मोजे चढत नाहीत, म्हणून जाणकार ते आधीच गुंडाळून बुटात ठेवतात किंवा बुटात टाल्कम पावडर भुरभुरतात. गारठलेल्या बोटांनी हेल्मेटचं बकल लागत नाही. आणि दर वेळी एखादा तरी आपली सायकल कुठली रांग, कुठला दांडा हे विसरून लग्नाच्या मांडवात चप्पल शोधावी तसा फिरत असतो. आधी रांगा मोजून ठेवणं एवढाच त्याला उपाय. रंगीत टॉवेल अंथरला की दुरून दिसतोही.

प्रश्न : सायकलवर ऐटीत असलेली माणसं उतरल्यावर बदकासारखी का पळतात? (एक आजोबा, पंचवटी)

दीड तास मांड्या गोल फिरत असतात, कंबर पुढे वाकलेली असते आणि शरीराचं वजन सीटवर असतं. उतरल्यावर तेच वजन एकदम पायांवर येतं, पण कंबरेचे स्नायू आखडलेलेच असतात. पहिला किलोमीटर पाय दुसऱ्याचे वाटतात. सवय करायची तर आठवड्यातून एकदा सायकल झाल्या झाल्या १०-१५ मिनिटं पळायचं आणि शर्यतीत सायकलच्या शेवटच्या दोन किलोमीटरला हलका गिअर टाकून पाय भराभर फिरवायचे. बदक दुसऱ्या-तिसऱ्या किलोमीटरला माणसात येतं.

प्रश्न : आदल्या रात्री मिसळ चालेल का? (पहिल्यांदाच उतरणारा, सिडको)

नाही. मटकी, तर्री आणि पुढे वाकून दीड तास सायकल, हे पोटाला एकत्र जमत नाही. रात्री मऊ भात-वरण. मिसळ शर्यतीनंतर, पाव मोजू नका.

प्रश्न : शर्यत दहाला संपली. उरलेल्या दिवसात पाहुण्यांना नाशिक कसं दाखवावं? वहिनींचे गुडघे दुखतात. (स. दे. यांचाच पुढचा प्रश्न)

परतीच्या वाटेवर सोमेश्वर घ्या. धबधब्याची मात्र आशा दाखवू नका. धरणातून पाणी सोडलेलं नसेल तर हिवाळ्यात तिथे खडकच जास्त दिसतात. मग गोदाघाट. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती म्हणजे नाशिककरांची पूर मोजायची पट्टी : पाणी मारुतीच्या कंबरेला की गळ्याला, यावर गावाची काळजी ठरते. पलीकडे १७४७ सालचं नारोशंकराचं मंदिर आणि वसईच्या विजयानंतर आलेली त्याची पोर्तुगीज घंटा. काळाराम मंदिर दुपार तापण्याआधी गाठा, अनवाणी पायांना दगडी फरशी दुपारी सोसवत नाही.

पांडवलेणी संध्याकाळी चारनंतर. पायऱ्यांचा चढ वहिनींना नको. त्या खाली फाळके स्मारकात बसतील. वर लेणी चोवीस, पण वेळ कमी असेल तर दोनच नीट बघा. दहाव्या क्रमांकात शक क्षत्रप (राजा) नहपानाच्या जावयाने स्वतःची दानं कोरून ठेवली आहेत. तिसऱ्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने आपल्या मुलाने त्याच नहपानाचं क्षहरात घराणं कसं संपवलं ते कोरलंय. एकाच डोंगरात, चार पावलांवर! पुतण्याला मात्र त्या पायऱ्या चढायला लावू नका. चढेल हो, उतरताना मांड्या लटपटतील.

प्रश्न : स्पर्धकांना ओरडून काय सांगावं? (अ. ब., कॉलेज रोड)

‘थोडंच राहिलं’ सोडून काहीही. त्याला किती राहिलं ते तुमच्यापेक्षा नेमकं माहीत असतं. पाण्याची बाटलीही हातात देऊ नका. बाहेरची मदत नियमात बसत नाही, आणि दंड त्याला होतो, तुम्हाला नाही. नाव माहीत नसेल तर नंबर पुकारा. सायकलवर तो पाठीवर शोधा, पळताना पोटावर.